पाना कोणाच्या हातात आहे?

वाचक लिहितात: माझी मुलगी मिशिगन राज्यात, डेट्रॉइटजवळच्या एका सरकारी शाळेत अकरावीत शिकते. नववीपासून ती शाळेच्या फर्स्ट रोबोटिक्स संघात आहे; हे संघ स्वतः रोबोट बनवून स्पर्धांत उतरवतात. जानेवारी उजाडला की ती घरी फक्त झोपायला येते. शाळा सुटल्यापासून रात्री नऊपर्यंत आणि शनिवारी दिवसभर तिचा मुक्काम संघाच्या कार्यशाळेत असतो. तिचे बाबा मोटार कंपनीत इंजिनिअर आहेत. त्यांचे म्हणणे असे की यंदा कॉलेज प्रवेशासाठीची एसएटी आहे, मे महिन्यात एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, कॅल्क्युलस आणि फिजिक्सच्या परीक्षा आहेत, तेव्हा हा उद्योग आता पुरे झाला. सासूबाई नाशिकहून फोनवर विचारतात, "अजून खेळणीच करते का गं ती?" तिचा संघ दोन्ही वर्षे जिल्हा स्पर्धांच्या पुढे गेला नाही. गेल्या वर्षी तिने सामन्यांच्या नोंदी ठेवल्या आणि एका पुरस्कारासाठी निबंध लिहिला. यंत्राला हात लावायला फारसे मिळत नाही, असे ती एकदा जेवताना बोलून गेली, पण संघ सोडायला मात्र तयार नाही. अशा स्पर्धांमुळे मुले खरोखर विज्ञान-इंजिनिअरिंगकडे वळतात का? आम्ही तिला थांबवावे का? – एक आई, मिशिगन

प्रिय ताई,

तिला थांबवू नका, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे तुम्हाला निवांतपणे वाचता येईल. तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही अगदी जाता जाता लिहिले आहे, ते म्हणजे तिला यंत्राला हात लावायला फारसे मिळत नाही. तिचे बाबा तास मोजत आहेत, तुम्हाला संघाच्या हारजितीची काळजी आहे, आणि आजींना हा सगळा पोरखेळ वाटतो. मी अकरा वर्षे अशाच एका शालेय संघाचा मार्गदर्शक होतो, आणि त्या अनुभवावरून मला विचारावेसे वाटते ते एवढेच, की त्या तासांमध्ये तिच्या हातात नेमके काय असते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यावर अवलंबून आहे.

ही स्पर्धा कशासाठी सुरू झाली ते थोडे सांगतो, कारण त्याचा तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. डीन केमेन या संशोधकाने १९८९ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर येथे फर्स्ट ही संस्था स्थापन केली आणि १९९२ मध्ये तिथल्याच एका हायस्कूलच्या जिममध्ये अठ्ठावीस संघांची पहिली स्पर्धा भरली. खेळाडूंसाठी अख्खे गाव जसे बाके भरून ओरडते, तसे गणित आणि यंत्र यांच्यासाठी ओरडणारे कोणीतरी मुलांना दिसावे, ही त्यामागची कल्पना होती. त्यांच्या जोडीला एमआयटीतले प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स होते. त्यांच्या वर्गात विद्यार्थ्यांच्या हाती सुट्या भागांची एक पेटी दिली जाई आणि त्यातून यंत्र बनवून एकमेकांशी सामना करावा लागे. आज तुमच्या मुलीच्या शाळेत जे चालते त्याचे मूळ त्या वर्गात आहे. त्या वर्गात दुसऱ्याने बनवलेल्या यंत्राकडे बाजूला उभे राहून पाहणारा विद्यार्थी नव्हता, हे मुद्दाम लक्षात आणून देतो.

मुले खरोखर या क्षेत्राकडे वळतात का, असे तुम्ही विचारले आहे. ब्रँडाइस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ पासून फर्स्टमधल्या मुलांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला आणि संघात नसलेल्या, पण गणित-विज्ञानाच्या वर्गात बसणाऱ्या मुलांशी त्यांची तुलना केली. संघातल्या मुलांची विज्ञान आणि इंजिनिअरिंगची ओढ अधिक वाढल्याचे त्यांना आढळले, आणि मुलींच्या बाबतीत हा फरक मुलांपेक्षाही मोठा होता. तुमच्यासाठी ही चांगली बातमी आहे. मात्र अशा पाहणीत संघातली सगळी मुले एकाच आकड्यात येतात, आणि प्रत्यक्ष कार्यशाळेत सगळ्यांच्या वाट्याला एकच अनुभव येतो असे मी कधी पाहिलेले नाही.

मुलगी यंत्रापासून दूर कशी जाते, हे मी फार जवळून पाहिले आहे. तसा हुकूम कोणीच सोडत नाही. पहिल्या आठवड्यात ड्रिल उचलायची वेळ येते तेव्हा ज्याने घरी वडिलांच्या गॅरेजमध्ये ती आधी हाताळलेली असते तोच पुढे होतो, आणि वेळ थोडा असल्यामुळे मार्गदर्शकही ज्याला काम येते त्यालाच ते देतो. दुसऱ्या आठवड्यात कोणाच्या तरी लक्षात येते की या मुलीचे अक्षर चांगले आहे, इंग्रजी चांगले आहे, ती सगळे नीटनेटके ठेवते. मग निबंध, हिशेब, देणगीदारांना पत्रे आणि सामानाची यादी तिच्याकडे जाते. ती ते मनापासून करते, तिचे कौतुक होते, आणि मार्च येईपर्यंत तेच तिचे काम ठरून गेलेले असते. आपल्या घरांतही "आमची मुलगी फार टापटिपीची आहे" असे आपण अभिमानाने सांगतो, आणि त्या अभिमानाला मीही अपवाद नाही. लाजाळू मुलांच्या बाबतीतही हेच घडते, पण मुलींच्या बाबतीत अधिक घडते.

ही चूक माझ्या हातूनही झाली आहे. फेब्रुवारीतल्या एका रात्री अॅल्युमिनियमची नळी कापायची होती, तेव्हा दहावीतल्या एका मुलीने "मी कापू का?" असे विचारले. करवतीवर तिचा हात बसलेला नव्हता आणि आम्हाला उशीर झाला होता, म्हणून मी ते काम एका सरावलेल्या मुलाला दिले आणि तिला बोल्ट मोजून डब्यांत लावायला सांगितले. नळी पाच मिनिटांत कापून झाली. पुढच्या वर्षी ती मुलगी संघात आली नाही. ती पाच मिनिटे वाचवून मी काय मिळवले, याचे उत्तर मला आजही देता येत नाही.

आता दुसरी आठवण सांगतो, कारण तुमच्या मुलीने कोणते काम मागावे याचा नमुना तिच्यात आहे. एका जिल्हा स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात आमचा रोबोट मैदानाच्या मधोमध मुडद्यासारखा उभा राहिला. या रोबोटची सगळी शक्ती बारा व्होल्टच्या एका बॅटरीतून येते, आणि तिची जाड तार जिथे बॅटरीच्या टोकाला बसते तिथला नट सैल झाला होता. धक्का बसला, तार हलली आणि सारे काही बंद पडले. अडीच मिनिटांचा सामना, त्यातले दीड मिनिट आम्ही काचेमागून पाहत उभे होतो. त्या रात्री नववीतल्या एका मुलीने वही काढली आणि यंत्रातला प्रत्येक विद्युतजोड लिहून काढला. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक सामन्याआधी ती गुडघ्यावर बसे, एकेका तारेला दोन बोटांत धरून ओढून पाही, बॅटरीच्या नटावर पाना फिरवी आणि वहीत खूण करी. सुरुवातीला मुले हसली. मग तिला दोन सैल जोड सापडले आणि हसणे थांबले. पुढच्या वर्षी संपूर्ण वायरिंग तिच्याकडे आले. मोटारीच्या ताराच चाळीस अँपिअरच्या ब्रेकरला का जोडायच्या, चढाच्या वेळी सगळ्या मोटारी एकदम ओढू लागल्या की बॅटरीचा दाब इतका का खाली येतो की नियंत्रक आपणहून मोटारी बंद करतो, हे तिला पुस्तकात वाचण्याआधी हातांनी कळले होते. ओहमचा नियम तिला नंतर वर्गात भेटला, तेव्हा तो तिच्या ओळखीचाच निघाला.

म्हणून माझा सल्ला असा आहे की तिने "मला मशीनवर काम करू द्या" अशी मोघम विनंती करू नये. मोघम विनंतीला "हो हो, नक्की" असे मोघम उत्तर मिळते आणि जानेवारीच्या गर्दीत ते विरून जाते. तिने एक छोटा, पुरा आणि स्वतःचा म्हणता येईल असा भाग मागावा. बॅटऱ्यांची देखभाल आणि तपासणी मागावी, वायरिंग मागावे, बंपर बनवण्याचे काम मागावे, किंवा वस्तू उचलणाऱ्या भागाचे कॅड, म्हणजे संगणकावरचे, आरेखन मागावे. बंपर हे ऐकायला हलके वाटते, पण प्लायवूड, फोमच्या नळ्या आणि कापड यांतून नियमात बसणारे, धक्के सोसणारे आणि पाच मिनिटांत काढता-घालता येणारे आवरण बनवणे हे चांगलेच यांत्रिक काम आहे, आणि ते बरोबर नसेल तर तपासनीस रोबोटला मैदानात उतरू देत नाही. तुम्ही पत्र ऑक्टोबरात लिहिले, हे फार बरे झाले, कारण रोबोटने काय करायचे तो त्या वर्षीचा खेळ जानेवारीच्या सुरुवातीला जाहीर होतो आणि त्यानंतर कोणाला शिकवायला कोणालाच सवड नसते. करवत, ड्रिल आणि तारांच्या टोकांना जोड दाबून बसवणे (क्रिंप करणे) शिकायचे महिने आत्ताचे आहेत. ऑनशेप हे कॅडचे सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना मोफत मिळते, आणि रोबोटचा प्रोग्राम जावा या संगणकाच्या भाषेत लिहून घरच्या लॅपटॉपवर आभासी रोबोटवर चालवून पाहता येतो. तेव्हा सुरुवात करायला कोणाची परवानगीही लागत नाही.

हे बोलणे तिनेच प्रमुख मार्गदर्शकांशी करावे. तुम्ही किंवा तिच्या बाबांनी आधी जाऊ नये. अकरावीतल्या मुलीच्या वतीने आईवडील बोलायला गेले की कामाचा मुद्दा मागे पडून तक्रारीचा सूर पुढे येतो. तिच्याशी घरी एकदा सराव मात्र करा: ती काय मागणार, ते शिकण्यासाठी तिने काय केले आहे, आणि कोणाच्या हाताखाली ती शिकणार, एवढे तीन वाक्यांत तिला सांगता आले पाहिजे. खेळ जाहीर झाल्यानंतर दोन आठवडे उलटूनही काही बदलले नाही, तर मग तुम्ही शांतपणे भेटा आणि एकच प्रश्न विचारा, की या हंगामात आमच्या मुलीकडे यंत्राचा कोणता भाग आहे. चांगल्या मार्गदर्शकाला हा प्रश्न बोचतो, आणि त्याला तो बोचायलाच हवा.

गेल्या वर्षी तिने केलेल्या नोंदींना मात्र घरात कोणी कमी लेखू नये. ज्याला तिथे स्काउटिंग म्हणतात ते काम मी अनेक वर्षे मुलांकडून करवून घेतले आहे. मैदानावर प्रत्येक सामन्यात तीन विरुद्ध तीन असे सहा रोबोट असतात. वर बाकांवर सहा मुले बसतात, एकेकाने एकेका रोबोटवर नजर ठेवायची आणि त्याने काय केले ते टिपायचे. २०२५ च्या खेळात प्लास्टिकचे पाइप उचलून प्रवाळाच्या आकाराच्या चौकटीवर वेगवेगळ्या उंचींवर बसवायचे होते आणि शेवटी टांगलेल्या पिंजऱ्याला धरून जमिनीपासून वर उचलून घ्यायचे होते. कोणता रोबोट सर्वांत वरच्या फांदीवर पाइप बसवतो, कोणता ते फक्त एकदाच करू शकला, कोणाचे पहिल्या पंधरा सेकंदांतले स्वयंचलित काम भरवशाचे आहे, हे सगळे दिवसभराच्या नोंदींतून निघते. पात्रता फेऱ्या संपल्या की आठ कर्णधार आपले साथीदार निवडतात आणि त्या निवडीवर पुढचा सारा खेळ ठरतो. अपुऱ्या माहितीवरून, ठरलेल्या वेळेत, कारण देऊन निर्णय घेणे हेच ते काम आहे, आणि संख्याशास्त्र शिकायची याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. एका मुलाने किंवा मुलीने ते एक वर्ष करावे, आवडल्यास आवर्जून करावे. तिसऱ्या वर्षीही तेच, आणि तेही तिने न मागता, असे होऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

तिच्या बाबांचा एक मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, तो म्हणजे वेळेचा. पूर्वी सहा आठवडे झाले की रोबोट पिशवीत सीलबंद करावा लागे आणि स्पर्धेपर्यंत त्याला फारसा हात लावता येत नसे. २०२० च्या हंगामापासून तो नियम गेला. त्यामुळे संघांना श्वास घ्यायला सवड मिळेल असे वाटले होते, प्रत्यक्षात काम एप्रिलपर्यंत पसरले. म्हणजे जी सीमा पूर्वी नियम आखत होता ती आता घराने आखायची आहे. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी ती कार्यशाळेत जाणार नाही आणि इतर दिवशी साडेआठला घरी असेल, हे डिसेंबरातच ठरवा आणि तिने ते मार्गदर्शकांना लेखी कळवावे. मिशिगनमध्ये अकरावीच्या मुलांची एसएटी वसंतात शाळेतच होते आणि ती नेमकी स्पर्धांच्या धामधुमीत येते, म्हणून शक्य असल्यास डिसेंबरची एसएटी तिला देऊ द्या, म्हणजे वसंतातल्या परीक्षेचे ओझे निम्मे उतरेल. झोपेवर तडजोड नको. दमलेल्या मुलांना करवतीजवळ उभे करणे किंवा बर्फात रात्री गाडी चालवायला लावणे, या दोन्ही गोष्टी मला मार्गदर्शक म्हणून कधी पटल्या नाहीत.

कॉलेजच्या अर्जासाठी म्हणून ती संघात राहणार असेल, तर मात्र मी तिला राहायला सांगणार नाही. अर्जात "चार वर्षे रोबोटिक्स" असे लिहिणारी मुले पुष्कळ असतात. त्यांतल्या एखाद्याला जेव्हा विचारतात, "तू काय केलेस?", तेव्हा फरक दिसतो. "आमचा वस्तू उचलणारा भाग फार वेगाने फिरत होता आणि मोटार तापत होती, म्हणून मी गिअरचे प्रमाण बदलले, वेग कमी झाला पण मग तो अडकला नाही" असे सांगणारी मुलगी त्या एका वाक्यात इतके काही सांगते की बाकी कागद कोणी पाहत नाही.

संघ हरतो याबद्दल मी फार लिहीत नाही. तुमच्या राज्यात अमेरिकेतल्या इतर कोणत्याही राज्यापेक्षा जास्त संघ आहेत, तिथल्या प्रत्येक संघाला जिल्हा स्पर्धांतून गुण मिळवत सॅगिनॉ व्हॅली विद्यापीठातल्या राज्य अजिंक्यपदापर्यंत पोचावे लागते, आणि त्यानंतर ह्यूस्टनची जागतिक स्पर्धा. बहुतेक संघ वाटेत थांबतात. स्पर्धेच्या पिटमध्ये, म्हणजे संघ आपापले रोबोट दुरुस्त करतात त्या जागेत, मात्र तुम्हाला एक गोष्ट दिसेल. ध्वनिवर्धकावरून घोषणा होते की अमुक क्रमांकाच्या संघाला अमुक मापाचे बेअरिंग हवे आहे, आणि पुढच्या सामन्यात ज्यांच्याशी झुंजायचे आहे तेच संघ धावत ते घेऊन येतात. वुडी फ्लॉवर्स यांनी या वृत्तीला जे नाव दिले त्याला मी मराठीत शालीन व्यावसायिकता म्हणतो. ती शिकण्यासाठी जिंकावे लागत नाही.

आजींना काय सांगावे, हेही तुम्हाला हवे असेल. त्यांना पुण्याचे सांगा. आशिया-पॅसिफिकमधल्या कॉलेजांची आंतरराष्ट्रीय रोबोकॉन स्पर्धा पुण्यात दोनदा भरली आहे, २००८ मध्ये आणि २०१४ मध्ये, आणि २००८ च्या स्पर्धेचा विषय तर गोविंदाच्या दहीहंडीवर बेतलेला होता. यंत्रांची दहीहंडी म्हटल्यावर आजी ऐकतील. पण त्यातला एक फरक तुम्ही स्वतःही लक्षात घ्या, कारण तुम्ही-आम्ही त्याच वाटेने आलो आहोत. आपल्याकडे असे यंत्र हाती येते ते इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाल्यावर. बारावीच्या गुणांवर आणि प्रवेश परीक्षेवर शाखा ठरते, मेकॅनिकल मिळाले तर मेकॅनिकल, आणि लेथ पहिल्यांदा दिसते ती त्यानंतर. २०१६ पासून नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळांत उभ्या राहू लागल्या, ही मोठीच गोष्ट आहे, पण आपल्या पिढीला ते मिळाले नाही. तुमच्या मुलीला निवड करण्याआधी हात लावून पाहायची संधी आहे. माझ्या संघातल्या, वही घेऊन तारा ओढून पाहणाऱ्या त्या मुलीने पुढे इलेक्ट्रिकल घेतले. तिच्याच बरोबरच्या एका मुलाला तिसऱ्या वर्षी उमगले की त्याला यंत्रांपेक्षा माणसांमध्ये राहायला आवडते, आणि तो नर्सिंगला गेला. कॉलेजची फी भरण्याआधी हे कळले, याचा मला त्या दोघांच्या बाबतीत सारखाच आनंद आहे.

राहता राहिले तिचे बाबा. डेट्रॉइट परिसरातल्या मोठ्या मोटार कंपन्या अनेक शालेय संघांना पैसा आणि माणसे पुरवतात, आणि तरीही संघांना मार्गदर्शकांची चणचण असतेच. त्यांनी शाळेची पार्श्वभूमी तपासणी पूर्ण करून आठवड्यातून एक संध्याकाळ तिथे द्यावी, असे मला वाटते. शक्यतो स्वतःच्या मुलीच्या गटात नको, दुसऱ्या गटात. एक पथ्य त्यांना पाळावे लागेल. मुलाच्या हातून पाना घ्यायचा नाही, बोल्ट तिरका जात असला तरीही. तो काढून पुन्हा घालण्यातच त्या मुलाचे शिक्षण होते, आणि इंजिनिअर वडिलांना हेच पथ्य सर्वांत जड जाते.

मार्चमध्ये त्यांची पहिली जिल्हा स्पर्धा असेल तेव्हा शनिवारी तुम्ही दोघेही जा. प्रेक्षकांना तिकीट नसते. पिटमध्ये जाताना दारात संरक्षक चष्मा मागून घ्या आणि पुढून बंद असलेले बूट घाला, नाहीतर आत सोडत नाहीत. सामन्यांच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटे मिळाली की तिला तिचा भाग दाखवायला सांगा आणि तो कसा चालतो ते तिच्या तोंडून ऐका. तिच्या बाबांना एखादी चूक दिसली तर त्यांनी ती गाडीत बसेपर्यंत बोलू नये.

तिच्या वाट्याला कोणता भाग आला, ते मला जानेवारीत नक्की कळवा.